मुख्य एकच

आमच्या सरांच्या शिक्क्यात 'मुख्य' हा शब्द नव्हता. म्हणजे शिक्का बनून आला तेव्हा होता. गोंदियाच्या बाजारातून तो मीच करून आणला होता, कारण मी कुडव्याहून रोज ये-जा करायचो आणि शहरातली असली किरकोळ कामं आपसूक माझ्याच गळ्यात पडायची. सर नुकतेच मुख्याध्यापक झाले होते. त्यांनी शिक्का उलटा करून डोळ्यांजवळ नेला, खिशातून कागदात गुंडाळलेलं अर्धं ब्लेड काढलं आणि उलट्या अक्षरांतून 'मुख्य' तेवढं खरवडून टाकलं.

आता यात एक घोटाळा झाला. 'मुख्य' गेलं, पण त्याच्या मागचा काना राहिला. शिक्का मारला की कागदावर नुसता काना आणि पुढं 'ध्यापक' उमटायचं. मग सर त्या कान्याच्या आधी पेनानं 'अ' काढायचे आणि होऊन जायचं 'आध्यापक'. शुद्धलेखनाची एक चूक झाली तर मुलांकडून तो शब्द वीसदा लिहून घेणारा हा माणूस, स्वतःच्या नावाखाली रोज एक चूक करायचा आणि त्याचं त्याला काही वाटायचं नाही.

"सर, एवढा खर्च करून शिक्का आणला," मी म्हणालो.

"मुख्य एकच हाये, मास्तर," सर म्हणाले. "मी कसा लिहू तो शब्द माझ्या नावाखाली?"

सर ख्रिस्ती होते. सालेकशाच्या बाजूला अशी थोडी घरं आहेत, ते स्वतःला विश्वासी म्हणवतात. सरांचे वडील छत्तीसगडाकडच्या कुठल्याशा दवाखान्यात कंपाउंडर होते आणि तिथंच ते विश्वासात आले. सरांकडे तो विश्वास वडिलांकडून आला, पण त्यातलं एकच वाक्य त्यांनी असं घट्ट धरलं होतं की बाकी सगळं त्यापुढं फिकं. जो मेला आणि उठला, तो मुख्य. बाकी आपण सारे हजेरीपटावरची नावं. हे ते कुणालाही सांगायचे. आमच्या स्वयंपाकीण बाईला, टपालवाल्याला, गावातून मोहफुलं वेचून परतणाऱ्या बायकांना. कुणी ऐकलं नाही तरी त्यांचा राग नसायचा. उंच, किडकिडीत माणूस, पायात रबरी चपला, शर्टाची वरची गुंडी कायम लावलेली. बायको फार वर्षांपूर्वी वारली होती. मुलगी भिलाईला नर्स होती.

आदिवासी विकासाच्या प्रकल्प कार्यालयातून कागद परत यायला लागले. तिथला बाबू मला स्टेशनवर गाठून म्हणाला, "अरे गुरुजी, ये आध्यापक कौन नया पोस्ट निकला है? साहब पूछ रहे थे." मुलांचे दाखले अडले, धान्याची मागणी अडली. शेवटी आम्ही दोन-तीन शिक्षकांनी मिळून गुपचूप दुसरा शिक्का करून घेतला, 'मुख्य'सकट. तो माझ्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये असायचा. सरांची सही झाली की कागद माझ्याकडे यायचा आणि मी त्यावर खरा शिक्का हाणायचो. सरांना हे कळत होतं की नाही, कोण जाणे. ते कधी बोलले नाहीत आणि आम्हीही त्यांना सांगायला गेलो नाही.

आमची आश्रमशाळा जंगलाला लागून होती. मुलं तिथंच राहायची. एप्रिल-मेमध्ये आईबाप तेंदूपत्त्याला जायचे आणि उरलेलं वर्ष धानाच्या बांधीत, त्यामुळे मुलांना शाळा म्हणजे घरासारखीच. अशा शाळेत निकालाचा दिवस मोठा असतो. सरांनी त्यातही आपलं घोडं दामटलंच. गुणवत्ता यादी लावली ती क्रमांक दोनपासून. जो पहिला आला होता तो दुसरा, दुसरा होता तो तिसरा. पहिल्या ओळीत काहीच नाही, नुसती रेघ. पोरं आनंदानं घरी जाऊन सांगायची, "बाबा, मी दुसरा आलो." एकदा एक बाप तावातावानं शाळेत आला. म्हणाला, "माझ्या टुऱ्याले सगळ्यायहून जास्त मार्क, मंग पयला कोन?" सरांनी त्याला शांतपणे बसवलं आणि पहिला कोण ते अर्धा तास समजावून सांगितलं. बाप जाताना मला म्हणाला, "थो पयला आला थो कोनत्या गावचा म्हनले, मले समजलं नाई."

मुख्याध्यापकाच्या खुर्चीवरही सर बसायचे नाहीत. हातांची मोठी खुर्ची होती, पाठीवर टॉवेल टाकलेली. स्वतः बाजूच्या स्टुलावर बसायचे आणि जो येईल त्याला त्या खुर्चीत बसवायचे. सातवीतल्या एका मुलीची आई एकदा तिला भेटायला आली. जंगलातलं गाव, पायी आलेली बाई. सरांनी तिला खुर्चीत बसा म्हटलं. ती कशीबशी टोकावर टेकली आणि दोन्ही हातांनी लुगड्याचा पदर धरून बसली. मला हसू आलं होतं, हे आज सांगतो. तेव्हा माझ्या मनात आलं, या माणसाच्या नम्रतेचा बिचाऱ्या बाईला किती जाच.

संस्थेच्या अध्यक्षांशी मात्र सरांचं पटणं शक्यच नव्हतं. अध्यक्षांना सगळे मालक म्हणायचे. शिक्षक पाया पडायचे. मीही पडायचो, उगाच कशाला खोटं बोलू. सर हात जोडायचे, तेही छातीपाशी. एका वर्षी मालकांच्या वाढदिवसाला फाटकावर मोठा फ्लेक्स लागला. मालकांचा फोटो आणि खाली तांबड्या अक्षरांत 'आदिवासी लेकरांचे तारणहार'. सर सकाळी फाटकातून आत आले, थांबले, वाचलं. मग शिडी मागवली. आम्हाला वाटलं हार घालतील. त्यांनी जुन्या वहीचा कागद फाडला, खळ लावली आणि 'तारणहार' या शब्दावर नीट चिकटवला. बाकीचं तसंच ठेवलं. दुपारी मालक आले तेव्हा फ्लेक्सवर लिहिलेलं होतं, 'आदिवासी लेकरांचे' आणि पुढं पांढरा कागद.

मालक हसले. हसणं चांगलं नव्हतं. त्या दिवसापासून सरांचे दिवस मोजले जाऊ लागले, हे आम्हा सगळ्यांना कळलं. सरांना कळलं का, मी विचारलं. ते म्हणाले, "तो शब्द दुसऱ्याचा हाये, मास्तर. दुसऱ्याची वस्तू उचलून आनली तर परत कराच लागते ना?"

माझं घराणं बौद्ध. आजोबांनी छप्पन सालीच दीक्षा घेतली. आमच्या घरात वरून कुणी येऊन आपल्याला वाचवील हे ऐकूनसुद्धा घेतलं जात नसे. आपलं आपण पाहायचं, आपण केलं ते आपणच निस्तरायचं, असं वडील सांगत. हे मी सरांना एकदा ऐकवलं. जरा डिवचायलाच ऐकवलं. मला वाटलं होतं, आता वाद होईल. सर खूश झाले.

"मंग तर आपलं जमते," ते म्हणाले. "तुमच्या घरी वरची जागा रिकामी ठेवली हाये. आमच्या घरी भरली हाये. पन दोन्ही घरी मानसाले तिथं चढून बसाले जागा नाई. लोकायचं भांडन कायले लागते मले समजतच नाई."

असं ते काहीतरी बोलायचे. सरांचा मला राग यायचा तो यामुळेच. त्यांची टिंगल करावी तर ते स्वतःच त्यात सामील व्हायचे.

रविवारी सर सायकल काढून पाच मैलांवरच्या एका वाडीत जायचे. तिथं विश्वासी लोकांची पाच घरं होती आणि टिनाचं एक छप्पर. त्या दिवशी ते फोन बंद ठेवायचे. वरच्याशी बोलायच्या दिवशी खालच्याचा फोन नको, असं त्यांचं म्हणणं. सोमवार ते शनिवार चोवीस तास शाळेत पडलेला माणूस, एक दिवस गेला तर कोण काय बोलणार. आश्रमशाळेत रविवारीही एका शिक्षकानं थांबावं लागतं. त्याची पाळी ठरलेली असते आणि हजेरीत सही करावी लागते.

आता जे सांगायचं आहे ते मी पुष्कळदा सांगायला बसलो आणि उठलो.

ज्या बाईला सरांनी खुर्चीत बसवलं होतं, तिची मुलगी. तिचं नाव लिहीत नाही. तेवढा हक्क मला नाही. तिला सिकलसेल होता. आमच्या भागात हा रक्ताचा आजार घरोघरी आहे, त्यामुळे शिक्षकांना त्याचं शिकवलेलं असतं. ज्या मुलाला लाल कार्ड आहे त्याचं अंग तापलं, हातपाय दुखायला लागले की थांबायचं नाही, थेट दवाखाना. तिचं लाल कार्ड ऑफिसच्या कपाटात होतं आणि कपाटाची किल्ली माझ्याजवळ. त्या शनिवारी दुपारी ती ऑफिसच्या दाराशी आली आणि पाय ठणकतात म्हणाली. अंग थोडं कोमट लागलं. मी तापाची गोळी दिली आणि पाठवून दिलं.

रविवारची पाळी माझी होती. आणि त्याच रविवारी गोंदियाला माझ्या मेहुणीचं साक्षगंध होतं. साखरपुड्याला आमच्याकडे साक्षगंध म्हणतात आणि त्याला मोठा जावई नसला तर वर्षभर ऐकून घ्यावं लागतं. पाळी बदलून घ्यायची तर सरांना विचारावं लागलं असतं. सर हो म्हणाले असते, पण मग ते स्वतः थांबले असते आणि त्यांचा रविवार बुडवल्याचं ओझं मला नको होतं. म्हणून मी कुणालाच विचारलं नाही. रविवारची सही शनिवारीच केली आणि चारची गाडी धरली.

रविवारी सकाळी मुलीला उठवेना. मुलींच्या अधीक्षिकेची जागा वर्षभर रिकामी होती. स्वयंपाकीण बाईनं मला सात वेळा फोन केला. माझा फोन बायकोच्या पर्समध्ये होता आणि मंडपात बँड वाजत होता. मग तिनं सरांना लावला. तो बंद. शेवटी बाई गावात पळत गेली, एकाचा ऑटो आणला आणि मुलीला मांडीवर घेऊन सालेकशाच्या दवाखान्याकडे निघाली. सालेकसा यायच्या आधीच मुलगी गेली.

सरांनी मला संध्याकाळी फोन केला. एकच शब्द बोलले, "या." मी पोचलो तेव्हा ते स्टुलावर बसले होते आणि समोर हजेरी उघडी होती. त्यांनी बोट ठेवलं.

"मास्तर, तुमी आज इथं हजर आहा म्हनते हा कागद."

त्यांनी हजेरी बंद केली आणि म्हणाले, "फोन मी बंद ठेवलो होतो. दोघंही नव्हतो." नंतर बराच वेळ ते हातांत तोंड धरून बसले होते. मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं आणि त्या दिवशीही पाहावलं नाही. मी बाहेर व्हरांड्यात जाऊन उभा राहिलो.

चौकशी चौथ्या दिवशी लागली. दोन अधिकारी आले, बरोबर मालक. मालकांनी मला हौदापाशी बाजूला घेतलं. म्हणाले, "घाबरू नको. मुख्याध्यापक शाळेत नसतो, फोन बंद ठेवतो, धर्माच्या कामाला जातो, एवढं सांग. बाकी मी पाहतो." सहीचं त्यांना ठाऊक नव्हतं. हजेरी उघडली असती तर माझी नोकरी जागेवर गेली असती आणि पोलिसांचंही काही सांगता येत नव्हतं. घरी दोन मुलं, मोठी दहावीला. रविवारच्या रात्रीपासून मी जेवलो नव्हतो. मुलीसाठी जेवलो नव्हतो असं म्हणायला मला आवडलं असतं.

पहिला जबाब सरांचा झाला. मी बाजूलाच बसलो होतो. अधिकाऱ्यांनी विचारलं, रविवारची ड्युटी कोणाची.

"माझी," सर म्हणाले.

"हजेरीत सही यांची दिसते."

"यायची पाळी होती. यायच्या घरी कार्यक्रम होता. तुमी जा, मी थांबतो, असं मीच म्हनलो. हजेरी रिकामी दिसू नये म्हनून सही करून जा, हेबी मीच सांगलो. अन् मंग मी थांबलो नाई. प्रार्थनेले गेलो. फोन बंद ठेवलो."

शेवटची दोन वाक्यं खरी होती. माझी पाळी होती आणि कार्यक्रम होता, तेही खरं. बाकी एकही खरं नव्हतं. या माणसाला मी नऊ वर्षांत साधी थाप मारताना ऐकलं नव्हतं. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

लिहून झालेला जबाब पुढं सरकवून अधिकारी म्हणाले, "सही करा. खाली हुद्दा पूर्ण लिहा." सरांच्या कागदांमुळे ते आधीच वैतागलेले होते. "आध्यापक-बिध्यापक चालणार नाही."

सरांनी सही केली. खाली स्वच्छ अक्षरात लिहिलं, मुख्याध्यापक. मी तो शब्द त्यांच्या हातचा पहिल्यांदा पाहत होतो. मग ते माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "तुमच्या ड्रॉवरातला शिक्का आना, मास्तर."

म्हणजे त्यांना माहीत होतं. सगळी वर्षं माहीत होतं. मी उठलो, ड्रॉवर उघडला, शिक्का आणून दिला. माझा जबाब दोन ओळींचा झाला. सरांच्या परवानगीनं गेलो होतो, असं मी लिहून दिलं आणि खाली सही केली.

सरांना काढून टाकलं. निवृत्तीला दीड वर्ष राहिलं होतं. वर्तमानपत्रात आलं की मुख्याध्यापक धर्माच्या कामात दंग होता आणि मुलगी तडफडत होती. त्या टिनाच्या छपरावर कुणी दगड मारून गेलं. शिक्षकांत चर्चा झाली, एकजण म्हणाला, चला, शेवटी मुख्य झाले एकदाचे. सगळे हसले. मीही त्या खोलीत होतो.

दोन महिन्यांनी मी त्यांना भेटायला गेलो. सालेकसा स्टेशनमागं एक खोली घेऊन राहत होते. मी सफरचंदं नेली होती. सर ताटात तांदूळ घेऊन खडे वेचत होते. मी खाली बसलो आणि जे वाटेत घोकत आलो होतो ते बोलून टाकलं.

"सर, तुम्ही मला वाचवलंत."

ताट खाली आलं. "काय म्हनले?"

"माझं घर वाचवलंत तुम्ही."

"मांगं घ्या तो शब्द." त्यांचा आवाज चढला. इतक्या वर्षांत एखाद्या पोरावरही तो असा चढला नव्हता. "वाचवनारा एकच हाये. त्याच्या जागी मालकाले बसवू देलो नाई मी, अन् तुमी मलेच बसवून राहिले का?"

"पण तुम्ही माझा दोष अंगावर घेतलात."

"मी खोटा बोललो. तुमाले लेकरं हायेत म्हनून बोललो. त्याची सजा मले भेटून राहिली अन् त्याच्याबद्दल मी वर बोलतो ते माझं मी पाहीन. तुमची नोकरी मी ठेवलो, तेवढाच. तुमचा रविवार मी नाई घेतलो, मास्तर. मले तो उचलताच येत नाई. दुसऱ्याचं पाप उचलनं मानसाच्या हातचं काम नोहे. ज्याले ते जमलं तो एकच. म्हनून तर तो मुख्य. तुमाले काय वाटलं, उगाच खरवडलो मी तो शब्द?"

"मी त्याला मानत नाही, सर."

"ठाऊक हाये. म्हनून तुमचं माझ्याहून अवघड हाये." आवाज आता खाली आला होता. "मले माझं पाप नेऊन ठेवाले जागा हाये. तुमाले तुमच्याच पायानं जा लागते."

"कुठं?"

"तिच्या मायकडं."

मी उठलो. सफरचंदं त्यांनी ठेवून घेतली नाहीत.

मी गेलो नाही. गावाचं नाव माहीत होतं, वाट माहीत होती, मोटरसायकल होती. आधी मोठीची दहावी होती, मग पाऊस होता, मग वाटलं आता जाऊन त्या बाईची जखम कशाला उकरायची. स्वतःचा भित्रेपणा दुसऱ्याच्या जखमेआड लपवता येतो, हे मी तेव्हा शिकलो. सालेकशाच्या बाजारात सर कधीमधी भेटायचे. तब्येत विचारायचे नाहीत, शाळेचं विचारायचे नाहीत. फक्त म्हणायचे, "गेलते का?" मी म्हणायचो, "जातो." पुढं पुढं लांबून त्यांची सायकल दिसली की मी दुकानात शिरायचो. एका दुकानात असा शिरलो आणि गरज नसताना कुलूप विकत घेऊन बाहेर आलो.

अशी तीन वर्षं गेली. गेल्या थंडीत सर वारले. कावीळ अंगावर काढली होती. माती द्यायला जागा कोणती यावरून गावात कुरबुर झाली आणि अखेर नाल्यापलीकडच्या पडीत जमिनीत खड्डा खणला. भिलाईहून मुलगी आली होती. पाच घरांतली माणसं गात होती, त्यांच्यातल्या कुणाचाच सूर दुसऱ्याशी जुळत नव्हता. शिक्षकांपैकी मी एकटाच होतो. गाणं संपलं आणि लोक मूठमूठ माती टाकायला पुढं सरकले, तेव्हा मला सातवीतल्या त्या मुलीची आई दिसली. पायीच आली असणार. तिनं वाकून माती टाकली, सरळ झाली आणि माझ्याकडे पाहिलं. मग निघून गेली.

पुढच्या रविवारी मी तिच्या गावी गेलो. घर टोकाला होतं. ती अंगणात जळणाच्या काड्या मोडत होती. मला पाहून तिनं काड्या बाजूला ठेवल्या, पण बसा म्हणाली नाही.

"त्या रविवारी पाळी माझी होती," मी उभ्याउभ्याच म्हणालो. "सरांची नव्हती. सर माझ्यासाठी खोटं बोलले."

"मले ठाऊक हाये जी," ती म्हणाली. "सयपाकीन बाई तवाच सांगली होती. वहीत कोनाची सही हाये ते."

तीच पुढं बोलली.

"सर येत दर रविवारी, प्रार्थना झाली का. इथं बसत. मी पुसो, ड्युटी कोनाची होती जी? तर म्हनत, ज्याची होती थो येईन, आपल्या तोंडानं सांगन. मले ठाऊक हाये असं मी त्यायले नाई सांगली. म्हनली, पाहू, येते का नाई." तिनं हातावरची धूळ झटकली. "तुमी आले. सर गेल्यावर आले."

"मला माफ करा," मी म्हणालो.

मग तिनं विचारलं, "टुरी तुमाले सांगली होती का? दुखते म्हनून?"

"सांगितलं होतं. शनिवारी."

"मंग तुमी काय म्हनले तिले?"

हे मला चौकशीत कुणी विचारलं नव्हतं. सरांनीही विचारलं नव्हतं. मी स्वतःलासुद्धा ते वाक्य कधी पूर्ण ऐकू दिलं नव्हतं.

"जा, झोप," मी म्हणालो. "सोमवारी पाहू."

"सोमवारी," ती म्हणाली. "सोमवारी आमी तिले माती देली."

तिनं पुन्हा काड्या मोडायला घेतल्या. मी तिथंच उभा होतो. माझ्या वर कुणी आहे असं मी आयुष्यात मानलं नाही आणि त्या अंगणातही मानलं नाही. पण तिथं मला सरांचा हेवा वाटला. हे कुठंतरी नेऊन ठेवायला त्यांच्याजवळ जागा होती. थोड्या वेळानं ती म्हणाली, "जा आता जी," आणि मी निघालो.